चादरीच्या दोन्ही बाजू : संकल्पचित्राचे मूलघटक हाताने शिकताना

संकल्पचित्राचे, म्हणजे डिझाइनचे, सुरुवातीचे सराव आम्ही रंगाशिवाय केले. पोस्टर कलरच्या बाटल्या कपाटात ठेवल्या. टेबलावर पांढरा कार्ट्रिज कागद, काळा कागद, कात्री, कटर, पट्टी आणि गोंद, एवढंच. बिंदू, रेषा, आकार, घनता (वस्तूचा भरीवपणा), छटा (उजळ-गडदपणा), रंग, पोत, अवकाश (मोकळी जागा) ही यादी चित्रकलेच्या एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्या कुणालाही तोंडपाठ असते. पण समोरच्या चित्रात हे सगळे घटक एकदम येतात, आणि रंगाचा आवाज त्यांत सगळ्यांत मोठा असतो. तो चालू असला की बाकीचे ऐकूच येत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवला की एका वेळी एकच घटक मोकळा सोडायचा आणि बाकीचे बांधून ठेवायचे.

आमचा गट सोलापूरच्या पूर्व भागातला. कुणी जकार्डचे (नक्षी विणणाऱ्या यंत्राचे) ग्राफ, म्हणजे घरांच्या कागदावरचे नक्षीचे आराखडे, काढतं, कुणी शाळेत चित्रकला शिकवतं, काही मुलं ग्रेड परीक्षेची तयारी करतायत. त्यामुळे कागदावर केलेलं लगेच चादरीवर ताडून बघता येत होतं. आणि ह्या कामाला सोलापुरी चादरीसारखं साधन नाही. जकार्डची बहुतेक चादर उलटी केली की रंगांची अदलाबदल होते. वर मरून जमिनीवर (पार्श्वभूमीवर) पिवळं फूल असेल, तर खालच्या बाजूला पिवळ्या जमिनीवर मरून फूल. म्हणजे वरच्या बाजूला जी ‘मोकळी जागा’ म्हणून सोडली, तीच खालच्या बाजूला भरलेल्या रंगात उभी राहते. अवकाश हा घटक समजायला इतकं उघड उदाहरण घरोघरी पसरलेलं आहे, आणि आपण त्यावर झोपतो.

तर पहिला सराव अवकाशाचा. ४ इंच बाजूचा काळा चौकोन कापायचा आणि ८ इंच बाजूच्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध ठेवायचा. आता काळ्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूतून एकेक आकार कापायचा. अट अशी की कापाची सुरुवात आणि शेवट दोन्ही कडेवरच हवेत. कापलेला तुकडा त्याच कडेवरून पान उलटल्यासारखा बाहेर उलटायचा आणि चिकटवायचा. आत जिथे काळं गेलं तिथे पांढरा आकार दिसतो आणि बाहेर त्याचाच काळा आरसा. एकही तुकडा फेकायचा नाही. जपानी कलेतल्या ‘नोतान’ ह्या काळ्या-पांढऱ्याच्या विचारातून आलेला हा सराव जगभरच्या कलाशाळांत करून घेतात.

यात बिघडतं ते साधारण तीन ठिकाणी. आकार चौकोनाच्या मध्यात कापला आणि कडेला टेकवला नाही, तर उलटायला बिजागरीच राहत नाही. चारही बाजूंचे कापलेले आकार एकाच मापाचे घेतले, तर डोळा कुठेच थांबत नाही, म्हणून एक मोठा, दोन मध्यम आणि एक लहान असा भेद ठेवायचा. आणि दोन कापांच्या मध्ये काळ्या कागदाची मान फार बारीक राहिली, समजा पाव इंचाच्या आत, तर ती दुरून तुटलेली दिसते. चौथी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. मूळ चौकोनाच्या आत उरलेलं काळं आणि उघडं पडलेलं पांढरं क्षेत्र अगदी बरोबरीचं झालं आणि आकारही बारीक असले, तर नजर नुसती लुकलुकते आणि चित्र कुठलं, जमीन कुठली ते ठरत नाही. आधी कमीजास्त जमू द्यावं, बरोबरी नंतर.

हे झाल्यावर चादरीवरचे मोर घेतले. ट्रेसिंग पेपर ठेवून मोर नाही, मोरांच्या मधली जागा तेवढी पेन्सिलीने भरली. चांगल्या डिझाइनमध्ये ही जागा स्वतःच एक नेटका आकार होऊन येते. सुमार डिझाइनमध्ये ती ठिगळासारखी निघते, कुठे लांबट शेपूट, कुठे तीनकोनी चिंधी. समोरून मोर सुरेख दिसतो म्हणून हे लक्षात येत नाही. चादर उलटी केली की ताबडतोब कळतं. तेव्हापासून कुठलाही ग्राफ रंगवायला घेताना आधी जमीन भरून बघायची, ही सवय आम्ही लावून घेतली.

बिंदू आणि रेषेसाठी दारातली रांगोळी पुरते. पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक घरांपुढे सकाळी ठिपक्यांचा मुग्गू असतो. त्यात दोन प्रकारची मांडणी दिसते. एकीत ठिपका ठिपक्याखाली येतो, दुसरीत दोन ठिपक्यांच्या मधोमध. पहिलीत डोळ्याला उभ्या-आडव्या ओळी दिसतात, दुसरीत तिरक्या. रेषा काढायच्या आधीच दिशा ठरलेली असते. कागदावर याचा सराव केला तो असा: एकाच मापाचे ठिपके, साधारण ३ मिलिमीटर व्यासाचे, आणि बदलायचं ते फक्त अंतर. अंतर व्यासाहून कमी असलं की ठिपके वेगळे न दिसता करडा पट्टा दिसतो, म्हणजे छटा. अंतर व्यासाच्या दुप्पट-तिप्पट झालं की डोळा त्यांना ओळीत ओवतो, म्हणजे रेषा. त्याहून बरंच वाढलं की प्रत्येक ठिपका एकटा पडतो आणि मधली जागा मोठी होते. बिंदू, रेषा, छटा आणि अवकाश ह्यांच्यामधल्या भिंती किती पातळ आहेत ते ह्या एका कागदावर कळतं, म्हणून हा सराव गाळू नये.

रेषेचे चार गुण: जाडी, लांबी, दिशा, आणि शेजारच्या रेषेपासूनचं अंतर. ६ इंचांच्या चौकटीत एकाच पेनाने फक्त उभ्या रेषा मारायच्या आणि फक्त अंतर बदलायचं. २, ३, ५, ८, १२ मिलिमीटर असं वाढवत गेलं तर सपाट कागद वळल्यासारखा वाटतो. अंतर वाढताना एकदा जरी मागे आलं, समजा ५ नंतर ४, तर तिथे घडी पडल्यासारखी दिसते. दिशेचं बळ बघायचं असेल तर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक एखाद्या गच्चीवरून बघावी. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं म्हणजे एक सलग पांढरं क्षेत्र, आणि त्यातून वर निघालेले सात उंच नंदीध्वज. एवढ्या गर्दीत नजर सरळ त्या सात उभ्या रेषांवर जाते, कारण दिशेने त्यांना स्पर्धक नाही. त्याच दृश्याचं रेखाटन करताना मुलं मागच्या इमारतींच्या उभ्या कडा, विजेचे खांब, खिडक्या सगळं काढतात आणि मग नंदीध्वज त्यात हरवतात. उभ्या रेषा राखून ठेवायच्या आणि पार्श्वभूमी आडव्या पट्ट्यांत उरकायची.

जकार्डच्या ग्राफवर रेषेचा खरा कस लागतो, आणि इथे जरा थांबून सांगायला हवं. फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं हे यंत्र पुढे आणलं. तत्त्व आजही तेच आहे. ग्राफमधलं एक घर म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे छेदतात ती जागा. घर भरलं तर उभा धागा वर, रिकामं तर खाली. म्हणजे मागावर वळणदार रेषा अशी नसतेच, असतात त्या पायऱ्या. त्या पायऱ्या नीट बसवल्या की दुरून वळण दिसतं.

२० घरं रुंद आणि २० घरं उंच गोल घ्या. वरून खाली प्रत्येक ओळीत मधोमध भरायची घरं अशी: ६, १०, १४, १६, १६, १८, १८, २०, २०, २०, आणि मग हेच आकडे उलट क्रमाने. दोन ओळींमधली वाढ बघा, ४, ४, २, ०, २, ०, २, ०, ०. सुरुवातीला मोठी उडी, मग लहान, मग थांबत थांबत. वळण गुळगुळीत दिसायचं असेल तर पायऱ्यांची लांबी अशी उतरती हवी. मध्येच कुणी १४ नंतर १८ आणि परत १८, १८ असं भरलं तर गोलाला खांदे फुटतात. मोराची मान असो की वेलीची फांदी, ग्राफवर वळण खटकलं की आधी पायऱ्यांचे आकडे लिहून काढायचे. चूक डोळ्याला सापडत नाही, आकड्यांत लगेच सापडते.

पण हा गोल ग्राफवर गोल असला तरी कापडावर गोल येईलच असं नाही. समजा इंचाला ४० उभे आणि ३२ आडवे धागे आहेत. २० गुणिले २० घरांचा गोल विणल्यावर अर्धा इंच रुंद आणि पाच अष्टमांश इंच उंच होतो, म्हणजे उभं अंडं. अर्धा इंच गोल हवा असेल तर २० घरं रुंद आणि १६ घरं उंच घ्यावी लागतात: ६, १२, १४, १६, १८, १८, २०, २० आणि उलट. चौरस घरांच्या ग्राफवर हा आकार चपटा दिसतो, आणि नवीन माणसाचा हात तो ‘दुरुस्त’ करायला शिवशिवतो. करू नये. ज्या ग्राफची घरंच ४० ला ३२ ह्या प्रमाणात छापलेली असतात तो वापरला तर डोळ्याला दिसतं तेच मागावर येतं. प्रमाण हा शब्द पुस्तकात शेवटच्या पानांवर येतो. इथे तो पहिल्या घरापासून लागतो.

तिरकी रेषा ४५ अंशांत स्वच्छ येते, कारण एक घर बाजूला आणि एक घर खाली. एका पायरीला सात-आठ घरं अशी मंद चढाची रेषा घेतली की ती रेषा न दिसता तुटक पट्ट्या दिसतात. एकपदरी कापडात आणखी एक अडचण येते. घरं सलग फार लांब भरली तर तेवढा धागा कापडावर मोकळा तरंगतो, बांगडीत किंवा पायाच्या नखात अडकून उपसला जातो. म्हणून मोठ्या भरीव आकारात मध्ये मध्ये बांधणीची घरं सोडावी लागतात. आधी आकार पूर्ण रंगवून मग बांधणी कुठेतरी टोचली तर फुलाच्या पाकळीवर कीड लागल्यासारखे ठिपके येतात. बांधणीचा क्रम पाकळीच्या शिरांच्या दिशेने धरला तर तीच बांधणी पोत म्हणून शोभते.

आता छटा. सगळ्यांत जास्त वेळ आम्ही इथे दिला आणि तो द्यावाच. ‘रंग जमत नाहीयेत’ अशी तक्रार असलेली संकल्पचित्रं समोर ठेवून मोबाइलवर काळे-पांढरे फोटो काढले, तर बहुतेकांत दिसलं ते एकच: लाल, हिरवा, निळा सगळे जवळजवळ एकाच करड्यात. रंग वेगळे, छटा एक. मग पाकळी आणि पान एकमेकांत मिसळणारच. रंगाची म्हणून सांगितली जाणारी दहातली बहुतेक दुखणी छटेची असतात, हे माझं ठाम मत आहे.

छटांची पट्टी नऊ पायऱ्यांची केली. १ म्हणजे काळा, ९ म्हणजे पांढरा. एकापासून सुरू करून क्रमाने नऊपर्यंत जायचं नाही, कारण मधल्या पायऱ्या नेहमी एका बाजूला गर्दी करतात. आधी १ आणि ९, मग दोन्हींच्या बरोबर मध्ये वाटेल असा ५, मग ३ आणि ७, शेवटी २, ४, ६, ८. मिसळताना पांढऱ्यात काळा घालायचा, ब्रशच्या टोकाने, थोडा थोडा. काळ्यात पांढरा घालत बसलं तर अर्धी बाटली संपते आणि करडा ३ च्या वर येत नाही. पोस्टर कलर साईसारखा घट्ट ठेवायचा. पातळ झाला की ब्रशचे फराटे दिसतात आणि जाड झाला की वाळल्यावर तडकतो.

पोस्टर कलरची एक खोड लक्षात ठेवायची. ओली गडद छटा वाळल्यावर उजळते आणि ओली फिकी छटा वाळल्यावर जराशी गडद होते. ओल्यावर तुलना करून पायऱ्या ठरवल्या तर वाळल्यावर पट्टी मधल्या मध्ये आकसते. प्रत्येक छटा वेगळ्या कागदावर रंगवून, पूर्ण वाळवून, मग एक इंचाचे चौकोन कापून पट्टी जोडायची. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४० च्या वर असताना, रंग ब्रशवरच वाळायला लागतो आणि सपाट क्षेत्रात जोड दिसतात. पंखा बंद करायचा, लागणारी सगळी छटा एकदम मिसळून ठेवायची, चपटा ब्रश घ्यायचा आणि ओली कड वाळायच्या आत पुढचा फटकारा तिच्यावर चढवायचा. दुपारऐवजी सकाळी सातला बसलं तर निम्मा त्रास कमी होतो.

चौकोन एकमेकांना चिकटवले की एक गंमत दिसते. प्रत्येक चौकोन सपाट रंगवलेला असूनही गडद शेजाऱ्याच्या कडेला तो जास्त उजळ आणि उजळ शेजाऱ्याच्या कडेला जास्त गडद वाटतो, जणू पन्हळी पत्रा. मुलं ती कड दुरुस्त करायला ब्रश उचलतात. पांढऱ्या पुठ्ठ्याला दोन लहान भोकं पाडून त्यातून चौकोनाची कड आणि मध्य असे दोन्ही बघायचे. छटा एकच निघते. पन्हळ रंगात नसते, डोळ्यात असते.

पट्टी हातात घेऊन मग किल्ल्याकडे जायचं. भुईकोट किल्ल्याची काळ्या दगडाची तटबंदी आणि शेजारचा सिद्धेश्वर तलाव, छटा शिकायला ह्यापेक्षा चांगली जागा शहरात नाही. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात तटाची भिंत सपाट वाटते. उन्हं कलली की बुरुजाची गोलाई उलगडते, कारण उजेडाकडून सावलीकडे छटा क्रमाने उतरते. घनता हा वेगळा घटक म्हणून शिकवतात, पण कागदावर ती बहुतेक छटेच्या उतारातूनच येते. बुरुजावर छटा ७, ५, ३ अशी उतरली आणि सावलीच्या कडेजवळ परत आलेल्या उजेडाची ४ ठेवली की तो उभा राहतो. पाण्यातलं प्रतिबिंबही पट्टी धरून बघण्यासारखं आहे. गडद भिंत पाण्यात थोडी उजळते, उजळ आकाश पाण्यात थोडं गडद होतं. दोन्ही सारखेच रंगवले तर पाणी आरशासारखं कोरडं दिसतं. तिथे आम्ही २ गुणिले ३ इंचांची छोटी रेखाटनं केली, फक्त तीन छटांत: २, ५, ८. तीन छटांत जे चित्र उभं राहत नाही ते बारा रंगांतही राहत नाही.

आता कुठे बाटल्या बाहेर काढल्या. अल्बर्ट मन्सेल ह्या अमेरिकन चित्रशिक्षकाने १९०५ मध्ये रंगाचे तीन गुण वेगळे मोजायची रीत मांडली: रंग कोणता, त्याची छटा किती उजळ, आणि त्याची तीव्रता किती. सराव करताना यातले दोन बांधून तिसरा हलवायचा. पहिल्या कागदावर एकच निळा, छटा बदलत्या. दुसऱ्यावर छटा ५ कायम ठेवून लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. तिसऱ्यावर एकच लाल, त्याच छटेचा करडा थोडा थोडा मिसळून निस्तेज करत नेलेला. दुसरा कागद सगळ्यांना जड जातो, कारण बाटलीतून निघणारा पिवळा आधीच ८ च्या आसपास असतो आणि जांभळा २ च्या. पिवळा ५ वर आणायला गेलं की तो शेवाळी दिसायला लागतो. ह्यातूनच कळतं की प्रत्येक रंगाची स्वतःची एक छटा असते आणि काठापदराची योजना करताना ती आधी विचारात घ्यावी लागते.

क्षेत्रफळाचं गणित त्याच्याच पुढचं. जर्मन कवी गटे याने रंगांच्या उजळपणाला दिलेले आकडे बाउहाउस ह्या जर्मन कलाशाळेतले शिक्षक योहानेस इट्टेन यांनी क्षेत्राच्या हिशोबाला वापरले: पिवळा ९, नारिंगी ८, लाल ६, हिरवा ६, निळा ४, जांभळा ३. तोल साधायचा तर क्षेत्र उलट प्रमाणात. म्हणजे पिवळा एक भाग तर जांभळा तीन, नारिंगी एक तर निळा दोन, लाल आणि हिरवा समसमान. हे आकडे पूर्ण तीव्रतेच्या रंगांचे आहेत आणि नियम म्हणून डोक्यावर घेऊ नयेत, पण सुरुवातीला अंदाज बांधायला चांगले. जांभळ्या जमिनीच्या चादरीला पिवळा काठ द्यायचा आणि त्या काठाने चादरीच्या क्षेत्राच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जागा घेतली, तर चादर जांभळी राहत नाही, पिवळीच वाटते.

शेजारचा रंग काय करतो याचा पाठ आपल्या धंद्याच्या फार जवळचा आहे. मिशेल शेव्रल हे फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबलँ ह्या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत होते. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तेव्हा काळ्या रंगाईत दोष नव्हता. तो काळा निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला जात होता आणि शेजारामुळे फिका वाटत होता. त्यांनी यावरचा अभ्यास १८३९ मध्ये छापला. सोलापुरात आजही सुताची लडी नुसती बघून रंग पसंत केला जातो आणि विणल्यावर ‘रंग तो नाही’ म्हणून रंगाई करणाऱ्याकडे बोट दाखवलं जातं. एकाच करड्याचे एक इंची चौकोन लाल, हिरव्या, पिवळ्या आणि निळ्या कागदाच्या मधोमध ठेवून बघा. लालावरचा करडा हिरवट होतो, पिवळ्यावरचा जांभळट. लडी पसंत करायची तर ज्या रंगाशेजारी ती बसणार आहे त्या रंगाच्या सुताशेजारी ठेवून, आणि दिवसाच्या उजेडात.

शिवाय कापडावर रंग मिसळतो तो बाटलीतल्यासारखा नाही. लाल ताणा (उभा धागा) आणि पिवळा बाणा (आडवा धागा) साध्या विणीत आला तर दोन्ही धागे आपापल्या रंगाचेच राहतात आणि दुरून डोळा त्यांचा मिळून नारिंगी करतो. उलट लाल आणि हिरवा आले की मळकट तपकिरी होतो आणि दोन्हींचं तेज जातं. याची चाचणी कागदावर करता येते. २ मिलिमीटरच्या पट्ट्या आळीपाळीने दोन रंगांत रंगवायच्या आणि दहा फुटांवरून बघायच्या. पोस्टर कलरने रंगवलेल्या सपाट ग्राफवर भाळून मागावर गेलं की निराशा होते, कारण कागदावर एकसंध रंग असतो आणि कापडात प्रत्येक ठिकाणी दुसरा धागा डोकावत असतो.

पोत लवकर हाताशी येतो. पातळ कागद वस्तूवर ठेवून ६बी पेन्सिल आडवी फिरवायची. टर्किश टॉवेल, चादर, तटाचा दगड, पसरलेली ज्वारी, प्रत्येकाचा ठसा वेगळा. बघायचं ते एवढंच की पोताला स्वतःची छटा असते. टॉवेलच्या उभ्या फासांमध्ये सावली साठते म्हणून तोच रंग सपाट कापडावर उजळ आणि टॉवेलवर गडद दिसतो. फासांमुळे कडाही विस्कटतात. म्हणून टॉवेलच्या नक्षीत दोन-तीन फासांची नाजूक रेषा टिकत नाही, धुतल्यावर तर नाहीच. तिथे भरीव, मोठे आकार घ्यावेत आणि बारकावा काठाच्या सपाट पट्टीत ठेवावा.

तोल, लय, प्रमाण, विरोध, एकता ही तत्त्वं वेगळी शिकवायची आम्हाला फारशी गरज पडली नाही. पुनरावृत्ती करायला घेतली की ती सगळी आपोआप विचारावी लागतात. ४०० हुकांच्या जकार्डवर (एक हूक एक उभा धागा उचलतो) इंचाला ४० धागे धरले तर एक नक्षी १० इंच रुंद येते आणि ६० इंच रुंदीच्या चादरीत सहा वेळा बसते. म्हणजे एका नक्षीतली एक ढिली जागा सहा वेळा, आणि उंचीतही पुन्हा पुन्हा. एकट्या नक्षीत ती दिसत नाही. म्हणून नक्षीच्या नऊ झेरॉक्स काढून तीन बाय तीन जोडायच्या आणि भिंतीला लावून लांबून, डोळे किलकिले करून बघायच्या. हमखास दिसतात त्या दोन गोष्टी: मोकळ्या जागा एकाखाली एक येऊन पडलेल्या उभ्या पांदी, आणि सगळ्या फुलांपेक्षा एखादंच गडद पान पुढे येऊन सगळीकडे ठोके देणारं. पांद मोडायला पुढची रांग अर्ध्या नक्षीने सरकवायची. गडद पानाची छटा दोन पायऱ्यांनी उजळ करायची, आकाराला हात लावायचा नाही.

जोडताना नक्षीच्या चारही कडा आधी तपासाव्यात. उजव्या कडेला तुटलेली फांदी डाव्या कडेला त्याच घरावर सुरू व्हायला हवी. सोपी युक्ती म्हणजे कागद मधोमध उभा कापून डावा भाग उजवीकडे लावायचा. जोड मध्यभागी येतो आणि समोर दिसत असताना दुरुस्त करता येतो. मग आडवा कापून तसंच.

सॅम्पल मागावरून उतरलं की बघण्याचा क्रम आम्ही पक्का केलाय. आधी दहा फुटांवरून समोरची बाजू. मग उलटी बाजू, आणि तिथे मोर न बघता जमीन. मग मोबाइलवर काळा-पांढरा फोटो. मग दिवसाच्या उजेडात लडीशेजारी रंग. शेवटी सॅम्पल धुवायचं, वाळवायचं आणि गोल परत मोजायचा. सुती कापड धुतल्यावर आटतं आणि बहुधा लांबीत जास्त आटतं. समजा लांबीत ६ टक्के आटलं, तर इंचाला ३२ चे ३४ आडवे धागे होतात आणि अर्धा इंच उंच गोल चपटा होऊन ०.४७ इंचावर येतो. अशा सुतासाठी पुढचा ग्राफ काढताना ३२ ऐवजी ३४ चा हिशोब धरायचा, म्हणजे १६ च्या जागी १७ ओळी, आणि मधल्या २० घरांच्या ओळीच वाढवायच्या.